तिसरी अट

हुरड्याचं आवतण द्यायला खुद्द धाकटा भाऊ कानिफनाथ तिसगावाहून सुप्याला आला, तेव्हाच बनुबाईनं ओळखलं की काम ज्वारीचं नाही, सहीचं आहे. हुरडा काही तिसगावातच होतो असं नाही, तो सुप्यातही होतो. आणि बाबा पंच्याहत्तर साली गेले, त्याला तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत माहेरी काळोख्यांच्या मळ्यात दर पौषात हुरड्याची आगटी पेटली, पण तिचा धूर सुप्यापर्यंत कधी आला नव्हता.

"आक्का, गुळभेंडी जवारी लई फर्मास आलीया औंदा," कानिफनाथ म्हणाला.

"मंग चार कणसं धाडायची कुनाच्या हाती. तू तर दोन यष्ट्या बदलून आलास."

कानिफनाथ कानाची पाळी चोळत हसला. चाळिशी आली, दोन पोरांचा बाप झाला, तरी खोटं बोलताना हात कानाकडे जायची सवय गेली नव्हती. "तसं काय न्हाई गं. आन्नानं सांगितलं, बनीला घिऊन ये."

ओसरीत दावं वळत बसलेल्या सहादेवनं, म्हणजे बनुबाईच्या नवऱ्यानं, मान वर न करता सल्ला दिला, "जा की. पन सही करायच्या आदी वाच. आन् वाचून झालं तरी लगीच करू नको."

सहादेव वर्षाकाठी मोजकंच बोलायचा, पण त्यातलं फारसं वाया जात नसे.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात कारळ्याची चटणी कुटता कुटता गोजरबाईनं नणंदेला सगळं उलगडून सांगितलं. थोरला भाऊ मच्छिंद्रअण्णा घरचा कर्ता, पण अवघड बोलणी तो बायकोवर ढकलायचा. मग तिनं ती केली की "तुला कुनी सांगितलं हुतं बोलायला?" असं वर तिलाच विचारायचा. गोजरबाईला या नोकरीची तीस वर्षं सवय होती.

"वन्सं, कानिफभावजींना दाळमिल टाकायचीया. बाजाररस्त्याच्या एकरात. मशीन सांगून ठेवलंया. आता शेतीची जागा म्हंजी बिनशेतीचा परवाना लागतो. कचेरीनं पत्र दिलंय, देतो म्हनून. पन सातबाऱ्यावर तिगांची नावं. तुमची बी."

"व्हय, बगितलं मी. वारसनोंदीला तलाठ्यानं लावलं ते. मंग सही पायजे?"

"दोन पायजेत." गोजरबाईनं मुसळाचा घाव जरा जोरात घातला. "येक कचेरीच्या पत्रावर. आन् येक आपली घरातली. हक्कसोडीची."

बनुबाई लसूण सोलत राहिली.

"समद्याच करत्यात, वन्सं. माज्या नशिबी आली तशी तुमच्या. आन् तुमचं भाऊ काय परके हायेत? ह्यांनी शब्द दिलाय, कागद झाला की दर दिवाळीला मुराळी धाडायचा, चार दिस माहेरपन. लुगडं ठरलेलं."

"आन् न्हाई झाला तर?"

गोजरबाईला स्वतःचाच एक दिवस आठवला. तिचं माहेर पलीकडच्या गावात, चालत दीड तासावर. तिच्या भावांनी असंच आवतण दिलं होतं, हुरड्याचंच. अंगठा उठवताना भाऊ म्हणाला होता, दर दिवाळीला येतो न्यायला. पहिल्या दिवाळीला तो आला. दुसऱ्या वर्षी बैल आजारी होता. तिसऱ्या वर्षी कारण सांगायलाही कोणी आलं नाही. दीड तासाची वाट ती पुढं एकोणीस वर्षं चालली नव्हती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं; फक्त घडायचं थांबलं होतं.

"चटनीत मीठ कमी हाय," ती म्हणाली आणि उठून गेली. मीठ बरोबर होतं.

*

आगटीभोवती बसायची काळोख्यांची एक रीत होती: कर्त्या माणसाकडे धूर जाणार नाही अशा बेतानं त्याची जागा. बाकीच्यांनी डोळे चोळत खायचं. मच्छिंद्रअण्णा त्या जागेवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. शेजारी पाहुणा, शामकांत वकील. गावच्या नारायणमास्तरांचा हा मुलगा कानिफनाथबरोबर चौथीपर्यंत एका पाटीवर शिकला, पुढं नगरला जाऊन वकील झाला आणि आता हुरड्याला कोट घालून आला होता. कोटाच्या बाहीला राख लागली होती ती त्याला कुणी सांगत नव्हतं.

"वाचा वकील," अण्णा म्हणाला. "बनीला बी कळू द्या."

शामकांतनं पिशवीतून कचेरीचं पत्र काढलं. "एका एकरात दाळमिलीसाठी बिनशेती परवानगी देण्याचा विचार आहे, तीन अटींवर. अट पहिली. मिलीच्या पूर्वेला शाळा आहे, म्हणून त्या बाजूला आठ फूट उंच भिंत. अट दुसरी. गाड्या रस्त्यात तुंबू नयेत म्हणून रस्त्यापासून मागे सरून बांधायचं आणि गाडी वळायला जागा ठेवायची. अट तिसरी. एकरापैकी पश्चिमेचे दहा गुंठे कचेरीच्या कर्मचाऱ्यांच्या निवासासाठी विनामोबदला सरकारजमा करायचे. सोमवारपर्यंत सर्व खातेदारांनी सहीनिशी मान्यता द्यावी किंवा हरकत कळवावी."

"हरकत कसली?" अण्णानं दोन तळव्यांमध्ये कणीस चोळलं, दाणे वेगळे केले. "धा गुंठं द्यायचं आन् तीस गुंठ्यांवर मिल टाकायची. आपल्या गावच्या श्रीमंतानं लाकडाची वखार घातली, तवा त्येनं बी दिलं. वर साखर वाटली. सरकारसंगं भांडून कोन मोटा झालाय?"

कानिफनाथ वकिलाकडे पाहत होता. कालपर्यंत तो अण्णाच्या बाजूचा होता. त्याला मिल हवी होती, औंदाची तूर बाजारात येईपर्यंत हवी होती, आणि त्यासाठी दहा काय बारा गुंठ्यांवरही पाणी सोडायला तो तयार होता. पण सकाळी शामकांतनं मोटारसायकलवरून उतरता उतरताच विचारलं होतं, "कानिफ, तुझी डाळ आणि त्यांची घरं यांचा संबंध काय?" तेव्हापासून त्याला ते दहा गुंठे खड्यासारखे टोचत होते.

"शाम, सांग की सकाळी म्हनलास ते."

"सांगतो. अण्णा, पहिल्या दोन अटी तुम्ही निमूट पाळा. मिल चालणार, भुसा उडणार, पोरं खोकणार. म्हणजे भिंतीची अट तुमच्या मिलीतूनच निघाली. गाड्यांचंही तसंच. परवाना देताना अशा अटी घालायचा सरकारला हक्क आहे. पण तुम्ही डाळ भरडली म्हणून कुणा कर्मचाऱ्याचं घर पडणार आहे का?"

"न्हाई पडनार."

"मग ती अट मिलीची नाही. ती नुसती जागेची मागणी आहे, परवान्याच्या खिशात घालून पाठवलेली. आपली घटना आहे ना, तिच्या एकतिसाव्या कलमात लिहिलंय, कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मिळकत काढून घेता येत नाही. सरकारला गावासाठी जागा लागली तर ते घेऊ शकतं, पण रीतीनं. नोटीस काढावी, तुमचं म्हणणं ऐकावं, मोबदला द्यावा. समोरच्या दारानं मागायची हिंमत नसलेली वस्तू परवान्याच्या खिडकीतून ओढून न्यायची नाही."

"आन् साहेब म्हनला, जा, न्हाई देत परवाना?" अण्णानं विचारलं.

"नाही म्हणायलाही कारण लागतं. लोकांचं आरोग्य, सुरक्षितता, सोय. 'दहा गुंठे फुकट दिले नाहीत' हे त्यात कुठं बसत नाही. कोर्टात गेलं तर काय होईल याची हमी मी देत नाही, वेळ लागेल हे मात्र नक्की. पण आधी साधी हरकत तरी लिहा. सही करून दिलंत तर मग कोर्टही म्हणेल, राजीखुशीनं दिलं."

"राजीखुशीनं," अण्णा पुटपुटला. त्याला तो शब्द ओळखीचा वाटला. कुठं वाचला हे मात्र लगेच आठवेना.

बनुबाई इतका वेळ धुराच्या बाजूला बसून जवसाची चटणी बोटानं चाटत होती. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "वकील, हे समद्या परवान्यांस्नी लागू हाय, का फकस्त कचेरीच्या?"

"म्हणजे कसं, बनुताई?"

"तुमच्या पिशवीत दुसरा कागद हाय न्हवं? माज्या नावाचा?"

शामकांतचा हात पिशवीवर गेला. हक्कसोडीचा मसुदा त्यानंच लिहिला होता, गेल्याच आठवड्यात, कानिफच्या सांगण्यावरून. सवयीचं काम, अर्ध्या तासात होतं. 'मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय' ही ओळ तर हात आपोआप लिहितो. एकाच पिशवीत आपण दोन कागद आणलेत आणि दोन्हींची तोंडं दोन दिशांना आहेत, हे त्या क्षणापर्यंत एवढ्या शिकलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"बने, ते मागनं बगू," अण्णा म्हणाला.

"मागनं कशाला? वकील हायेत, हुरडा हाय. आन्ना, मला बी परवाना मिळालाय. माहेराला यायचा. सकाळीच वहिनीनं अटी वाचून दाखवल्या. पैली, आलं की कामाला हात लावायचा. बराबर हाय, घरात ऱ्हायचं तर काम करावं. दुसरी, भावकीत तोंड सांबाळून बोलायचं. ती बी बराबर. तिसरी, बाच्या जमिनीवरनं नाव काढून द्यायचं, फुकाट. वकील, ती माहेरपनातनं निगाली का?"

गोजरबाईनं पहिल्या दोन अटी सांगितल्याच नव्हत्या. तिसरी मात्र सांगितली होती.

शामकांत प्रामाणिक होता आणि प्रामाणिक वकिलाची नेहमी होते तशी त्याची पंचाईत झाली. "बनुताई, हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वाटा आहे. तो तुमचाच. पण मी मघाशी बोललो ते घटनेचं. घटना सरकारला बांधते. भावांना नाही."

"मंग भावांस्नी कोन बांदतं?"

आगटीत एक कणीस तडतडलं. कुणीच ते बाहेर ओढलं नाही.

"आक्का, तू आमाला सरकारच्या रांगेत बशिवलंस व्हय?" कानिफनाथ चिडला. "म्या काय तुजं लुबाडाया निगालो? मिल उभी ऱ्हायली की तुज्या पोरीच्या लग्नात..."

"तू देशील. म्हाईत हाय मला. पन तू देशील ते आन् माजं हाय ते, ह्यात फरक हाय का न्हाई? सरकार बी म्हनल, गावात घरं बांदतो, तुमचंच गाव सुदारल. मंग का टोचतंय तुला?"

कानिफनाथचा हात कानाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"भावजी," गोजरबाईचा आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण पुरुषांच्या बोलण्यात ती भाकरी वाढण्यापुरतीच यायची. "माजा कागद झाला तवा मी येकवीस वर्साची हुते. मुराळी दोन दिवाळ्या आला. दुसऱ्याला तर बैलाचं कारन सांगाया आला." मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "तुमी कदी इचारलं न्हाई, ही माहेराला का जात न्हाई. म्या बी सांगितलं न्हाई. आज सांगितलं."

मच्छिंद्रअण्णा उठला. "पश्चिमेचा बांद बगून येतो," म्हणाला आणि निघाला.

*

ते दहा गुंठे म्हणजे काही सोन्याची खाण नव्हती. वरवर खडक, खाली मुरूम. बाजरीसुद्धा तिथं उपकार केल्यासारखी यायची. अण्णा बांधावर उभा राहिला. कानिफनाथ मागून आला आणि शेजारी उभा राहिला.

मच्छिंद्रअण्णाला आयुष्यात एका गोष्टीचा अभिमान होता: आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात. तलाठ्यानं मागितलं, दिलं. भावकीनं बांध कोरला, सोडला. देवाला नारळ तसा सरकारला गुंठा. इतकी वर्षं तो याला शहाणपण समजत होता. पण आज वकील बोलत असताना त्याच्या मनात भलतंच आलं. कचेरीचं पत्र वाचून कानिफला राग आला, वकिलाला आला, पण आपल्याला का आला नाही? साहेबाची तऱ्हा आपल्याला परकी वाटलीच नाही. ती घरातलीच होती. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून मागायचं, आणि वर 'राजीखुशीनं' लिहून घ्यायचं.

"कानिफ, बनीचं नाव ऱ्हायलं तर तुजी मिल अडती का रं?"

"अडत न्हाई. कचेरीतला कारकून म्हनला हुता, नावं कमी असली की सोपं जातं. म्हनून म्या..." तो थांबला. "मला वाटलं, आक्का काय न्हाई म्हननार न्हाई."

"तेच म्हनतो मी. मला बी तसंच वाटलं." अण्णानं एक दगड उचलून बांधावर नीट बसवला. "हरकत लिव्हायला सांग त्या शामला. तिगांच्या सहीनं."

"आन्ना, सरकारसंगं वैर..."

"वैर कशाचं? इचारायचंय निस्तं. घरात येका बाईनं इचारलं तर माजं काय मोडलं न्हाई. साहेबाचं काय मोडतंय?"

तो आगटीकडे परतला तेव्हा वारा फिरला होता आणि सगळा धूर कर्त्याच्या जागेवर जात होता. तो निमूट तिथंच बसला आणि डोळे चोळत म्हणाला, "वकील, तुमचा तो दुसरा कागद पिशवीतच ऱ्हाऊ द्या. आन् बाहीला राख लागलीया तुमच्या. मगापासनं."

बनुबाईनं हरकतीचा कागद दोनदा वाचला. लगेच सही केली नाही. जेवण झालं, ताक झालं, मग केली. शेवटचं अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं.

*

सोमवारी कचेरीत साहेबांनी हरकत वाचली, परत वाचली, आणि चष्मा काढून समोरच्या तिघांकडे आणि कोटातल्या एकाकडे पाहिलं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याच्या हाताखाली चौदा माणसं होती, त्यांतली सहा देवळाच्या ओवरीत राहत होती. कुणीतरी एकदा परवान्याच्या मसुद्यात ही अट टाकली, कुणी हरकत घेतली नाही, म्हणून ती छापल्यासारखी प्रत्येक कागदावर जाऊ लागली.

"तुम्ही पहिलेच," साहेब म्हणाले. "वखारवाल्यांनी तर साखर वाटली होती."

"खाल्ली आमी बी," अण्णा म्हणाला.

"कर्मचाऱ्यांना घरं नकोत का मग?"

वकील कोटाची बटणं सावरत पुढं झाला, पण बनुबाई आधीच बोलली. "हवीत की, साहेब. पावसाळ्यात ओवरीत लेकरं घिऊन कसं ऱ्हायचं? तुमी जागा मागा. नोटीस काढा, भाव करा, मोबदला द्या. आमी इचार करू, बहुतेक व्हय म्हनू. पन दाळीच्या परवान्यात घालून मागू नका. तसं मागितलं की मानसाला व्हय म्हनायची बी चोरी आन् न्हाई म्हनायची बी."

साहेब काही वेळ पेन्सिलीनं टेबलावर ठोकत राहिले. वकिलानं कलमाचा आकडा सांगितला. साहेब म्हणाले, मला ठाऊक आहे. मग त्यांनी मसुदा ओढून तिसऱ्या अटीवर आडवी रेघ मारली आणि शेजारी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. "वर पाठवावं लागेल. वेळ लागेल थोडा. पण माझा अभिप्राय असा जाईल: दोन अटी. भिंत आठ फुटांची, साडेसात चालणार नाही. आणि जागेसाठी वेगळा प्रस्ताव करू. तेव्हा भाव करायला ह्या बाईंनाच पाठवा म्हणजे मला तयारीनं बसता येईल."

कानिफनाथनं मनातल्या मनात हिशेब केला. मिल औंदाच्या तुरीला गाठणार नव्हती, पुढच्या तुरीला गाठेल. मशीनवाल्याला पत्र टाकायला हवं होतं. तेवढं चालण्यासारखं होतं.

ते उठले, तेव्हा कोपऱ्यातल्या कारकुनानं फाईल चाळत हटकलं. "अहो काळोखे, खातेदार तीन दिसतायत. बहिणीचं हक्कसोडपत्र जोडायचं राहिलंय. जोडून टाका. सगळेच जोडतात."

शामकांतनं पिशवी छातीशी धरली. कानिफनाथ भिंतीकडे पाहू लागला. बनुबाईनं कुणाकडेच पाहिलं नाही.

मच्छिंद्रअण्णानं टोपी डोक्यावर नीट बसवली. "आमच्यात तशी अट नस्ती," तो म्हणाला.

हे धडधडीत खोटं होतं. बनुबाईला ते माहीत होतं आणि ते तिला माहीत आहे हे अण्णालाही माहीत होतं. पण कारकुनानं मान डोलावून फाईल बांधली. सरकारी माणसासमोर बोललेला शब्द माघारी घ्यायची रीत काळोख्यांत नव्हती, त्यामुळं आता तो खरा करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पायऱ्या उतरताना अण्णा बहिणीच्या पुढं दोन पावलं होता. तो न वळताच म्हणाला, "दिवाळीला कोन यील न्यायाला, त्येचा शब्द आत्ताच न्हाई देत."

"नगं देऊ," बनुबाई म्हणाली. "मला वाट ठावी हाय."